रामानुजन यांचा नोकरीचा अर्ज

फेब्रुवारी १९१२. मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी श्रीनिवास रामानुजन यांनी अर्ज केला. मॅट्रिक उत्तीर्ण, एफ. ए.पर्यंत अभ्यास, पुढे प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण खुंटले, असे त्यांनी लिहिले.

ही ‘परिस्थिती’ कोणती? गणितावाचून अन्य विषयांत मन रमेना. कुंभकोणमची शिष्यवृत्ती गेली आणि एफ. ए.च्या या पदवीपूर्व परीक्षेत ते नापास झाले. ‘नापास’ हा शब्द अर्जात नाही; पण न मिळवलेली पात्रताही नाही. मासिक ३० रुपयांवर नेमणूक झाली.

जानेवारी १९१३मध्ये केंब्रिजच्या हार्डींना लिहिताना त्यांनी अधिक मोकळेपणाने सांगितले: आपण कारकून, वार्षिक पगार अवघा २० पौंड, विद्यापीठीय शिक्षण नाही. (वय मात्र पंचविशीऐवजी सुमारे २३ सांगितले!) सोबत प्रमेयांची पाने जोडली होती.