गात्रांची जाण

उल्हासनगर हे गावच मुळी घरदार गमावलेल्यांनी वसविलेले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि १९४९ साली त्या वस्तीला हे नाव मिळाले. मालमत्ता मागे राहिली, हातातले कसब तेवढे बरोबर आले. आज कॅम्प नं. ३ मध्ये शिवणयंत्रावर बसलेला कारागीर नजर सुईवर ठेवतो. पायडल किती दाबले, हे त्याला वाकून पाहावे लागत नाही. ही खबर त्याला कोण देते?

ज्ञानेंद्रिये पाच, असे आपण शिकत आलो. त्यांत या जाणिवेला जागा नाही, कारण तिचे इंद्रिय बाहेरून दिसत नाही. मेंदूकडून स्नायूला आज्ञा जाते, तशी स्नायूची खबरही मेंदूकडे परत येते, असे चार्ल्स बेल यांनी १८२६ साली प्रतिपादन केले. त्यांनी एका आईची हकीकत नोंदली आहे. तिच्या एका हातात बळ होते, पण जाणीव नव्हती. बाळाकडे पाहत असेतो ती त्याला धरून ठेवी. नजर दुसरीकडे वळली की हात सैल पडे.

स्नायूंत चातीच्या आकाराच्या सूक्ष्म रचना असतात. क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये त्यांना चातीवरूनच नाव दिले. त्यांचे कार्य शेरिंग्टन यांनी १८९४ मध्ये उलगडले. स्नायूंना आज्ञा पोचविणारे मज्जातंतू तोडल्यावरही चातीतले कित्येक तंतू जिवंत राहिले. म्हणजे ते खबर नेणारे होते. स्नायू ताणला की चाती ताणली जाते, आणि ताण किती व किती वेगाने वाढला याची वर्दी मज्जारज्जूकडे जाते. गुडघ्याखाली हातोडी मारून डॉक्टर हीच वाट तपासतात. १९०६ मध्ये शेरिंग्टन यांनी या जाणिवेचे 'प्रोप्रिओसेप्शन' असे नामकरण केले.

ताणाची वर्दी विजेच्या रूपाने निघते कशी, हे कोडे पुढे शतकभर राहिले. आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये 'पिएझो' ही प्रथिने शोधली. पेशीचे आवरण ताणले की त्यांतील दार उघडते. त्यांपैकी 'पिएझो-२' जन्मतः निकामी असलेल्या माणसांना डोळे बांधल्यावर चालणे अशक्यप्राय होते. पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेही यादवीने पोळलेले बैरूत सोडून १९८६ मध्ये अमेरिकेत आले होते. उल्हासनगरला हे नाते सहज उमगेल.

आम्हांस यातून एकच सांगावयाचे आहे. हाताचे काम म्हणजे बुद्धीविना केलेले काम, ही समजूत शास्त्राला धरून नाही. कारागिराच्या प्रत्येक टाक्यामागे क्षणोक्षणी मोजमाप चाललेले असते, आणि तेही ज्ञानच होय.