गाडीला छप्पर, माणसाला मनाई

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने एका गॅरेजची गोष्ट ऐकलेली असते. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो शहरात, ॲडिसन ॲव्हेन्यूवरच्या ३६७ क्रमांकाच्या घरामागे ते लाकडी गॅरेज आहे. १९३८ साली बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोन तरुण इंजिनिअरांनी तिथे काम सुरू केलं. १ जानेवारी १९३९ला त्यांची भागीदारी झाली. १९८७ साली राज्य सरकारने हे गॅरेज 'सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान' म्हणून ऐतिहासिक स्थळ ठरवलं.

या गोष्टीतला एक तपशील सहसा गळतो. पॅकार्ड आणि त्याची बायको ल्युसिल त्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. ह्युलेटचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, तो मागच्या अंगणातल्या शेडमध्ये झोपायचा. म्हणजे एकाच परसात गॅरेजमध्ये कारखाना आणि शेडमध्ये राहणारा माणूस! पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांच्या नियमांत या दोन्ही गोष्टी बसेनाशा झाल्या.

हे नियम म्हणजे झोनिंग. आपल्याकडच्या विकास आराखड्यात रंगीत पट्टे असतात ना, तसंच काहीसं: इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. घरांच्या पट्ट्यातही मुख्य घर वेगळं आणि शेड, गॅरेज यांसारखी दुय्यम बांधकामं वेगळी. दुय्यम बांधकाम किती उंच असावं, कुंपणापासून किती फूट आत असावं, प्लॉटचा किती भाग व्यापावा, हे सगळं ठरलेलं. वरवर पाहता हा नुसता फुटपट्टीचा हिशोब वाटतो. पण खरी अट शेवटी येते: तिथे कोणी राहायचं नाही.

ही अट कुठून आली हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १८८५ साली कॅलिफोर्नियातल्याच मोडेस्टो शहराने नियम केला की कपडे धुण्याचा धंदा फक्त रेल्वेरुळांच्या पश्चिमेला आणि जी स्ट्रीटच्या दक्षिणेलाच चालेल. नियमात कोणत्याही समाजाचं नाव नव्हतं. पण हा धंदा मुख्यतः चिनी लोकांचा होता आणि त्यांची वस्तीही त्याच भागात होती. सॅन फ्रान्सिस्कोने १८८० साली लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना सक्तीचा केला. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना नकार मिळाला, बाकीच्यांना मात्र जवळपास सरसकट परवानगी मिळाली. १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला.

१९१७ साली त्याच न्यायालयाने वंशानुसार वस्त्या ठरवणारे शहरांचे कायदे रद्द केले. मग माणसाऐवजी इमारतीवर अट घालणं सोयीचं झालं. बर्कलीने त्याच्या आदल्याच वर्षी, १९१६मध्ये, 'एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर' असा पट्टा आणला होता. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर शिक्का मारला. त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटची तुलना बांडगुळाशी केली आहे. ज्याला अख्खा प्लॉट परवडत नाही तो आपोआप बाहेर राहिला, त्याचं नाव घ्यायचीही गरज उरली नाही.

तेवढ्यात मोटारी वाढल्या. कोलंबस शहराने १९२३ साली अपार्टमेंटना पार्किंग सक्तीचं केलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशी सक्ती सगळीकडे पसरली. अनेक शहरांत प्रत्येक घरामागे एक-दोन गाड्यांची जागा हवीच, काही ठिकाणी तर छपराखालचीच. त्यामुळे गॅरेजची खोली केली की दोन नियम मोडायचे: माणूस आत आला म्हणून एक, गाडी बाहेर गेली म्हणून दुसरा.

लोक तरी राहतच होते. १९८७ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने केलेल्या पाहणीत त्या काउंटीतल्या सुमारे ४२,००० गॅरेजांत अंदाजे दोन लाख माणसं राहत असल्याचं दिसलं. यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. खिडकी नाही, बाहेर पडायला एकच दार, वायरिंग कसंबसं ओढलेलं, अशा खोलीत आग लागली तर माणूस अडकतो. नियमांमागे हे खरं कारण होतंच. पण राहण्यावरच बंदी असली की खिडकी पाडायची परवानगी मागायला कोण जाणार? तक्रार केली तर भाडेकरूचंच छप्पर जायचं. सुरक्षिततेसाठी असलेल्या नियमामुळे धोका लपून राहिला.

राज्याने १९८२ साली परसातल्या दुसऱ्या घराला वाट करून दिली, पण अनेक शहरांनी अटी घालून ती अडवली. २०१६च्या कायद्याने सार्वजनिक वाहतुकीपासून अर्ध्या मैलाच्या आतल्या अशा घरांना पार्किंगची अट घालायला मनाई केली. २०१९च्या कायद्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. गॅरेजचं घर केलं तर बदली पार्किंग मागता येत नाही, अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि कुंपणापासून चार फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं छोटं घर शहराला नाकारता येत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची सोय परसात करू पाहणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबालाही याच कायद्याचा आधार आहे.

तरी एक गोष्ट तशीच आहे. नवी परवानगी प्लॉटच्या मालकाला मिळते, भाडेकरूला नाही. बांधायचे पैसे ज्याच्याकडे आहेत तोच कायदेशीर खोली बांधेल आणि तिचं भाडंही तोच ठरवेल. म्हणून शेडचा नियम वाचताना फूट-इंच जरूर वाचावेत, पण त्या फूट-इंचांत कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, तेही मोजावं.