माझगावचा आंबा

मंडळी, आज शेतातलं नाही, मुंबईतलं लिहितोय. पण आंब्याचंच आहे.

आपले कितीतरी चाकरमानी माझगावच्या गोदीत राबले. डॉकयार्ड रोडला उतरायचं नि भोंग्याआधी गेट गाठायचं, एवढंच आपल्याला माझगाव माहीत. पण ते एकेकाळी गावच होतं. मुंबईच्या सात बेटांतलं एक. कोळी, भंडारी, माड, आंबे. १५७२ साली पोर्तुगालच्या राजाने ते डिसोझा घराण्याला कायमचं देऊन टाकलं होतं.

आणि आंबा कसला! मारिया ग्रॅहॅम नावाची इंग्रज बाई १८०९ मध्ये मुंबईत आली. १८१२ साली छापलेल्या रोजनिशीत ती लिहिते, की माझगावच्या आंब्यासारखं फळ आपण कधी खाल्लं नाही. पुढची गोष्ट आपल्या धंद्यातली. ज्या झाडावरून ही सगळी कलमं बांधली, ते मूळ झाड तेव्हा उभं होतं आणि हंगामात त्याला शिपायांचा पहारा असे. शहाजहानच्या ताटासाठी इकडचा आंबा दिल्लीला जायचा, असंही ती सांगते. (तेवढ्या प्रवासात किती पेट्या सडल्या असतील, ते बागायतदारालाच विचारा!)

१७८४ च्या सुमारास वरळीकडचा हॉर्नबी वेलार्ड बांध पुरा झाला, पुढे खाड्या बुजवत बेटं जोडली गेली. माझगावात आधी साहेबांचे बंगले आले, बागांसकट. म्हणजे शहराबाहेरचं थंड हवेचं उपनगर. मग गोद्या, वखारी, चाळी. माझा अंदाज असा, की बंगलेवाल्यांनी काही झाडं तरी ठेवली असतील. वखारीत झाडाला जागा कुठली?

टेकडीचं भंडारवाडा हे नाव राहिलं. माथारपाखाडी ही जुनी वाडी कौलारू घरांसकट अजून आहे. पाखाडी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पहाऱ्यातलं झाड मात्र गेलं. कुठल्या साली तुटलं, कोणी तोडलं, मला कुठेच वाचायला मिळालं नाही. त्याच्या फांदीवरची कलमं कोणाच्या बागेत गेली असतील का, हा विचार डोक्यातून जात नाही.

आमच्या घरामागे आजोबांच्या वेळचा एक रायवळ आहे. फळ लहान, रेषाळ, पण रसाला तोड नाही. परवा एकजण म्हणाला, तोडा, प्लॉटला रस्ता सरळ मिळेल. नाही म्हटलं. यंदा कोयी रुजवल्यात. रोपं तांबूस पानावर आली की त्याच्या काड्या घेऊन कोयकलमं बांधतोय. दहाबारा जगली तर चौघांना देईन. कोणाला हवी असतील तर सांगा.