बॉल जॉइंट, खालचा : पिकअप गाडीतील झीज आणि बदल

बॉल जॉइंट, खालचा : पुढचे चाक खड्ड्यात वर-खाली व्हावे आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळावे, यासाठी चाकाचा नकल (चाक धरणारा, त्याच्यासोबत वळणारा भाग) आणि खालचा आर्म यांच्यामध्ये बसवलेला गोल सांधा. पोलादी खुंटीच्या टोकाला घोटीव गोळा, त्याला सामावणारी वाटी, दोहोंमध्ये ग्रीस आणि बाहेरून रबरी बूट, एवढाच त्याचा संसार. शाळेच्या पुस्तकात खुब्याला आणि खांद्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात, तीच ही जात. गॅरेजमध्ये मात्र तो ‘बॉल जॉइंट’च, आणि झिजला की ‘बॉल जॉइंट गेला’.

खुबा आणि खांदा यांतला फरक इथे उपयोगी पडतो. उभ्या माणसाचे वजन खुब्यावर येते तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत अधिकच दाबला जातो. भरलेली बादली हाताने उचलली की खांद्याचा गोळा उखळीबाहेर ओढला जाऊ लागतो. स्नायू आणि बंध त्याला धरून ठेवतात. बॉल जॉइंटही असेच दोन प्रकारचे असतात. दाबाच्या सांध्यात गाडीचे वजन गोळ्याला वाटीत रेटते. तो झिजला तर आवाज करतो, स्टिअरिंग ढिले पाडतो, टायर खातो. पण वजनच त्याला जागेवर ठेवते. ताणाच्या सांध्यात गाडीचा कोपरा गोळ्यावर टांगलेला असतो. वाटीचे तोंड झिजून रुंद झाले की गोळा एक दिवस निसटतो आणि त्याला अडवायला दुसरे काहीच नसते. म्हणून कोणत्याही पिकअपचा बॉल जॉइंट तपासण्याआधी त्यातून भार कोणत्या दिशेने जातो, हे पाहावे. झीज कशी दिसेल, तपासणी कशी करावी आणि ती किती लांबवता येईल, हे सगळे त्या दिशेवर ठरते.

मोटारीत हा सांधा येण्यापूर्वी चाक किंगपिनवर, म्हणजे उभ्या पोलादी पिनेवर, वळत असे. जर्मनीत फ्रिट्झ फाउडी यांनी १९२२ मध्ये आधुनिक बॉल जॉइंटचे पेटंट घेतले; अमेरिकी मोटारींत पुढच्या चाकांना तो १९५२ च्या लिंकन गाडीपासून आला. किंगपिन आजही गेलेली नाही. महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उतरवणाऱ्या अनेक पिकअपना पुढेही पाटे आणि अखंड आक्स असतो; तिथे बॉल जॉइंट नसतो, किंगपिन आणि तिचे बुश बदलावे लागतात. पुढे स्वतंत्र आर्म आणि गुंडाळी स्प्रिंग असलेल्या पिकअप आपल्याकडे त्या मानाने थोड्या. २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स त्यांतली एक.

ताणाच्या सांध्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेत १९९५ ते २००४ या काळात विकली गेलेली पहिल्या पिढीची टोयोटा टॅकोमा. पुढील तपशील तिच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आणि प्रीरनर या उंच गाड्यांचा आहे. यांत सांध्याचे घर नकलच्या बुडाला चार बोल्टांनी आवळलेले असते, खुंटी खाली तोंड करून आर्मच्या भोकात उतरते आणि आर्मच्या खालून तिला खाचेचा नट लागतो. स्प्रिंग आर्मला खाली रेटते, रस्ता चाकाला आणि नकलला वर रेटतो, आणि या दोघांची ओढाताण होते ती गोळ्याच्या गळ्याशी. टाय रॉडचे टोकही याच घराच्या दांड्याला जोडलेले असते. त्यामुळे डावा आणि उजवा सांधा वेगळा. एकाचा दुसऱ्या बाजूला चालत नाही.

मे २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, फोररनर, टंड्रा आणि सिक्वोया मिळून साडेसात लाखांच्या घरात गाड्या याच सांध्यासाठी परत बोलावल्या. कारखान्यात गोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहून गेले होते. त्यांनी वाटी वेळेआधी घासली जाई. जानेवारी २००७ मध्ये आणखी सुमारे ५ लाख ३३ हजार टंड्रा आणि सिक्वोया या यादीत आल्या. ओरखडा नखाला जाणवणारही नाही इतका बारीक असू शकतो, पण हजारो वळणांनंतर तो कानशीसारखे काम करतो. परत बोलावलेल्या गाड्यांचे सांधे बदलले गेले, तरी रचना तीच राहिली. आज या गाड्या वीस-तीस वर्षांच्या आहेत आणि त्यांतला कोणताही जुना सांधा, ओरखडा असो वा नसो, संशयाने पाहावा.

झिजेची कारणे साधी आहेत. बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, पाणी आणि धूळ आत येते आणि घोटीव गोळ्यावर गंज धरतो. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे लवकर होते. मोठे टायर लावणे आणि गाडी उंच करणे यांमुळे खुंटी नेहमीच्या कोनाबाहेर झुकते आणि वाटीच्या काठावर ताण वाढतो. खुणा म्हणजे लहान खड्ड्यावरही पुढून येणारी टक्-टक्, वळणावर स्टिअरिंग जड होणे किंवा परत न येणे, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला भरकटणे आणि टायरची एकच कड झिजणे. पण ताणाच्या सांध्याने आधी आवाज करून कळवावेच असे नाही. गाडीचे वजन दोन्ही भागांना सतत ताणून धरते, त्यामुळे झिजलेला सांधाही चालत्या गाडीत घट्टच वाटतो. निसटतो तेव्हा चाक बाहेर फेकले जाऊन आडवे होते, आर्म रस्त्यावर आपटतो, मडगार्ड टायरवर बसते आणि ब्रेकची नळी व चाकाकडे जाणारा आक्स ओढला जातो. पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवताना हे झाले तर खर्चावर भागते. महामार्गावर झाले तर भागत नाही.

तपासणीही त्यामुळे भार काढूनच करावी. जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावून चाक जमिनीपासून चार बोटे उचलावे. टायरखाली पहार घालून हलकेच वर उचलावे आणि दुसऱ्या माणसाने डोळे आणि बोट सांध्याच्या बुटाशी ठेवावेत. घर आणि आर्म यांच्यातली फट उघडत-मिटत असेल, तर सांधा गेला. चाक वर-खाली धरून हलवण्याची नेहमीची रीत इथे अपुरी पडते, कारण तिच्यात चाकाच्या बेअरिंगचा खेळही मिसळतो. अचूक माप डायल गेजने घेता येते. बूट फाटलेला दिसला तर माप घेत बसू नये, सांधा बदलावा. हे मत कडक वाटेल, पण सांध्यावर गाडी टांगलेली असताना नव्या बुटाची ठिगळपट्टी परवडत नाही.

बदलण्यासाठी सपाट, कडक जमीन हवी. मागच्या चाकांना ठोकळे लावून चाकाचे नट जमिनीवरच सैल करावेत, मग गाडी उचलून चेसीखाली घोडी द्यावी. घोडी कुठे टेकते ते आधी हातोडीने ठोकून पाहावे. या पिढीच्या चेसी मिठाने आतून सडत आणि २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या गाड्यांना गंजासाठी पंधरा वर्षांपर्यंतची हमी वाढवून दिली होती. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर बॉल जॉइंटचा विषय तिथेच थांबतो. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवायची गॅरेजांतली जुनी सवय इथे मोलाची आहे.

नकल आधी तारेने वा पट्ट्याने वर बांधून घ्यावा, म्हणजे सांधा सुटल्यावर ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि आक्स यांना झोल बसत नाही. टाय रॉडची स्प्लिट पिन आणि नट काढून टोक सोडवावे. मग खाचेच्या नटाची स्प्लिट पिन. वीस वर्षांची पिन सहसा सरळ निघत नाही. पाय मोडतात, उरलेला तुकडा बारीक पंचने बाहेर ठोकावा लागतो. नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये, दोन-तीन आटे राहू द्यावेत.

आता टेपर सोडवायचा. खुंटी निमुळती असते आणि आर्मचे भोकही तसेच, त्यामुळे दोघांनी वर्षानुवर्षे एकमेकांना घट्ट पकडलेले असते. बेचकीसारखी दुभंगलेली पाचर मधे घालून घण मारला तर टेपर सुटतो, पण बूट फाटतो. सांधा फेकायचाच असेल तर चालते, टाय रॉडला मात्र ती लावू नये. पुलर अधिक सभ्य. तो ताणून ठेवावा आणि आर्मच्या कडीवर, भोकाच्या बाजूला, दोन नेमके घाव घालावेत. कडी क्षणभर दबते, पकड सुटते आणि ‘ठक्’ असा कोरडा आवाज होऊन खुंटी उडते. राहिलेले दोन-तीन आटे आणि नट तिला तिथेच अडवतात. खुंटीच्या टोकावर घाव घातला तर आटे चेपतात, नट निघत नाही, आणि अर्ध्या तासाचे काम दिवसावर जाते.

मग चार बोल्ट. ते नकलमध्ये खालून वर जातात. गंज असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेवावे. बोल्ट निघाले की नट काढून, नकल थोडा बाहेर कलवून घरासकट सांधा उचलून घ्यावा. हातात आला की तो नव्याशेजारी धरून पाहावा. नव्याची खुंटी अंगठ्याने ढकलली तर जेमतेम सरकते, जिथे ठेवावी तिथेच राहते. जुन्याची खुंटी लोंबते, हलवली की आत खुळखुळते, कधी कधी ओढताच किंचित वर येते. गाडीत बसलेला असताना हाच सांधा घट्ट भासत होता.

नवा बसवताना टेपर आणि भोक कापडाने कोरडे पुसावे, ग्रीस वा तेल लावू नये, कारण पकड कोरड्या धातूचीच. चार बोल्ट नवे घ्यावेत. तेही ताणातच असतात आणि पूर्ण कोपऱ्याचे वजन त्यांच्या आट्यांवर असते, म्हणून जुने बोल्ट पुन्हा लावण्यातली बचत बचत नव्हे. आट्यांवर आटे-पकड द्रव लावून आधी चारही बोल्ट हाताने बसवावेत, मग आळीपाळीने टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटरला आवळावेत. खाचेचा नट १४० न्यूटन-मीटरला. खाच आणि खुंटीचे भोक जुळत नसेल, तर नट थोडा पुढेच आवळावा, मागे कधीच फिरवू नये. नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडावेत. गाडीच्या वर्षाप्रमाणे आकडे थोडे बदलू शकतात, त्यामुळे दुरुस्तीपुस्तिका उघडी ठेवावी. नवा सांधा गाडीच्या मूळ कंपनीचा किंवा तिला पुरवठा करणाऱ्या कारखान्याचा असावा. ताणाच्या सांध्यात स्वस्त नकली माल हा नुसता लवकर झिजणारा माल नसतो. त्याच्या वाटीच्या पातळ काठावर गाडीचा कोपरा टांगलेला राहतो.

दोन्ही बाजूंचे सांधे एकत्रच बदलावेत. दोन्ही तेवढेच धावलेले असतात आणि एक गेला म्हणजे दुसरा मागोमाग असतोच. काम झाल्यावर चारही बोल्टांच्या डोक्यांवर आणि नकलवर रंगाची एकच आडवी रेघ ओढावी. अलाइनमेंट करून घ्यावी. काही शे किलोमीटर चालवून चाक काढावे आणि ती रेघ पाहावी; ती तुटली असेल, तर बोल्ट फिरला आहे.