दृश्यसाक्षरता

दृश्यसाक्षरता म्हणजे चित्र, छायाचित्र, नकाशा, चलचित्र इत्यादी दृश्य माध्यमांतील आशय समजून घेण्याची, तो पारखण्याची आणि दृश्यांच्या साहाय्याने स्वतः आशय मांडण्याची क्षमता होय. 'व्हिज्युअल लिटरसी' या संज्ञेचे श्रेय अमेरिकेतील जॉन डेब्स यांना दिले जाते (१९६९). छायाचित्र यंत्राने टिपलेले असल्याने ते वास्तवाची हुबेहूब प्रत असते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज तपासणे ही दृश्यसाक्षरतेची पहिली पायरी मानली जाते. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांची उदाहरणे घेतली आहेत.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९६४ मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले की, प्रतिमेतून एकाच वेळी अनेक अर्थ संभवतात आणि सोबतचा मजकूर त्यांपैकी एक अर्थ पक्का करतो. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून, तर सुसान सॉन्टॅग यांनी १९७७ मधील निबंधसंग्रहातून पाहण्याच्या सवयींची आणि छायाचित्रणामागील सत्तासंबंधांची चिकित्सा केली.

अंतर आणि भिंग

शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याचे सुळके आसनगाव परिसरातून दिसतात. एखाद्या घराजवळ उभे राहून रुंद कोनाच्या भिंगाने छायाचित्र घेतल्यास घर मोठे व डोंगर लहान दिसतो. त्याच घरापासून बरेच मागे जाऊन लांब पल्ल्याचे भिंग वापरल्यास डोंगर घराच्या पाठीशी उभा ठाकल्यासारखा भासतो. दोन्ही छायाचित्रे खरीच असतात. फरक पडतो तो छायाचित्रकाराने निवडलेल्या जागेमुळे. ऋतूची निवडही अशीच परिणाम करते. मुरबाडमार्गे जाणाऱ्या माळशेज घाटाची प्रसिद्ध होणारी छायाचित्रे बहुधा पावसाळ्यातील असतात. त्यामुळे उन्हाळ्यातील उघडे डोंगरउतार न पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात बारमाही हिरव्या प्रदेशाची प्रतिमा तयार होते.

चौकटीबाहेरील वास्तव

शहापूर तालुक्यातील तानसा (१८९२) आणि भातसा या धरणांतून मुंबईला पाणीपुरवठा होतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी सुमारे निम्मा साठा एकट्या भातसा जलाशयात असतो. पावसाळ्यात ओसंडून वाहणाऱ्या तलावांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापली जातात. याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या स्त्रियांची व कोरड्या विहिरींची छायाचित्रेही प्रसिद्ध होतात. पहिल्या छायाचित्राखाली मुंबईची चिंता मिटल्याचा मजकूर असतो, तर दुसऱ्यावर 'धरण उशाला, कोरड घशाला' असा मथळा असतो. ही दोन छायाचित्रे क्वचितच एका पानावर येतात. स्वतंत्रपणे पाहिल्यास एक समृद्धीचे आणि दुसरे निसर्गाच्या अवकृपेचे वाटते. शेजारी ठेवल्यावर मात्र पाण्याच्या वाटपाचा प्रश्न दृष्टीस पडतो. म्हणून चौकटीत काय आहे याबरोबरच काय वगळले आहे, हेही वाचावे लागते.

माणसांची छायाचित्रे

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या सदस्यांपैकी एक होते. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांत (१८६३ व १८६६) माणसांची छायाचित्रे वेगळ्या ठिकाणच्या पार्श्वभूमीवर जोडून छापलेली आहेत. 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांच्या ग्रंथात (१८६८–१८७५) व्यक्ती जमातीचा नमुना म्हणून सादर झाल्या. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती असलेल्या शहापूर-मुरबाडच्या संदर्भात हा इतिहास महत्त्वाचा ठरतो. आजही आदिवासी व्यक्तीच्या छायाचित्राखाली नावाऐवजी केवळ 'आदिवासी महिला' असे लिहिलेले आढळते. अशा वेळी व्यक्ती हरवते आणि नमुना तेवढा उरतो.

स्थानिक दृश्यपरंपरा

अक्षरओळख नसलेला समाज दृश्यदृष्ट्याही निरक्षर असतो, असे मानणे चुकीचे आहे. वारली समाजात विवाहप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. त्यात दूरची वस्तू लहान काढण्याचा संकेत नसतो. चौकातील पालघाट देवीचे स्थान तिच्या महत्त्वावरून ठरते. एका बिंदूतून पाहण्याची कॅमेऱ्याची रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

छायाचित्रवाचनाची पद्धत

वाचनाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे ठेवता येतो:

१. चौकटीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींची नोंद करणे.
२. दिसणारे आणि तर्काने जोडलेले वेगळे करणे.
३. कॅमेऱ्याची जागा, प्रकाश व ऋतू ओळखणे.
४. छायाचित्राखालील ओळ झाकून आणि नंतर वाचून अर्थातील फरक पाहणे.
५. छायाचित्र कोणी, कोणासाठी व कोणाच्या संमतीने काढले, याचा शोध घेणे.

शालेय वर्गात पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या छायाचित्रावर सरकवून चौकट लहानमोठी करता येते. चौकट बदलताच अर्थ कसा बदलतो, हे विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याविनाही समजते.