हुकमातील कोऱ्या जागा

सरकारी कचेरीत ज्यांनी चार दिवस काढले आहेत, त्यांना छापील नमुन्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. नोटीस असो, दाखला असो की समन्स असो, मजकूर एकदाच ठरवून छापून ठेवलेला असतो आणि त्यात मधूनमधून काही जागा कोऱ्या सोडलेल्या असतात. नाव, गाव, तारीख, रक्कम. मजकूर ठरविणारा अधिकारी केव्हाच बदलून गेलेला असतो. कोऱ्या जागा भरणारा कारकून मात्र आज मेजाशी बसलेला असतो. हुकूम एकाचा, भरणी दुसऱ्याची आणि अंमलबजावणी तिसऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे. संगणकावरील ज्या आज्ञापत्रांना बॅच फाइल किंवा स्क्रिप्ट म्हणतात, त्यांचा इतिहास हा मला अशा कोऱ्या जागांचाच इतिहास वाटतो. तोच आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

‘बॅच’ या शब्दापासून आरंभ करू. बॅच म्हणजे गठ्ठा. १९५० नंतरच्या दशकातील संगणक इतके महाग होते की, माणसाने त्यांच्यापुढे बसून विचार करीत राहावे ही चैन कोणाला परवडत नसे. यास्तव अनेकांची कामे छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाची, त्या कार्डांचा गठ्ठा करावयाचा आणि तो यंत्राच्या स्वाधीन करावयाचा, अशी रीत पडली. १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन अमेरिकन कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी एकामागून एक कामे आपोआप उचलणारी व्यवस्था तयार केली. गठ्ठा देणारा माणूस निघून जाई, आणि यंत्र काम करीत राही. मध्येच काही विचारावेसे वाटले, तर उत्तर देण्यास कोणी जवळ नसे. हुकूम देणाऱ्याच्या गैरहजेरीत हुकूम पाळला जावयाचा, ही गोष्ट अशा रीतीने बॅचच्या मुळाशीच आहे. पुढची सारी कथा त्या गैरहजेरीतून उत्पन्न झाली.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६० नंतर एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय झाली. आता माणूस पुन्हा यंत्रासमोर बसू लागला; पण त्याच त्या आज्ञा रोज टाइप करण्याचा कंटाळा त्याला लवकरच आला. तेथे काम करणाऱ्या लुई पुझाँ या फ्रेंच गृहस्थाने १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आज्ञांची यादी एका फाइलीत ठेवावी आणि त्या फाइलीचे नाव घेताच यंत्राने त्या क्रमाने पाळाव्या, एवढेच त्याचे काम. पण पुझाँने यादीत कोऱ्या जागा सोडण्याची मुभा ठेवली, आणि खरे महत्त्व या मुभेला आहे. आज्ञेच्या नावापुढे आपण जे शब्द टाइप करतो, ते त्या जागांत जाऊन बसत. या शब्दांनाच आर्ग्युमेंट म्हणतात. आज्ञा पाळणाऱ्या या कवचाला ‘शेल’ हे नावही पुझाँनेच दिले. युनिक्समधील कित्येक फाइलींच्या नावाअखेर ‘आरसी’ ही दोन अक्षरे आजही दिसतात. ती त्या रनकॉमची आठवण होय.

आर्ग्युमेंट ही एक कोरी जागा झाली. दुसरी कोरी जागा चलाची. चल म्हणजे नाव दिलेली डबी; आत ठेवलेली वस्तू बदलते, डबीवरचे नाव कायम राहते. तिसरी गोष्ट लूप, म्हणजे आवर्तन. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ साली टिपणे लिहिली. बर्नुली संख्या काढताना क्रियांचा तोच तो समूह पुनःपुन्हा कसा चालवावा, हे त्यांनी तेथे मांडले आहे. यंत्र मात्र पुरे झाले नाही. लूप म्हणजे एकच नमुना चाळीस वेळा भरणे. प्रत्येक खेपेस कोऱ्या जागेत वेगळे नाव.

आज्ञांच्या यादीत लूप शिरण्यास काही काळ लागला. केन टॉम्पसन यांनी १९७१ साली युनिक्ससाठी लिहिलेल्या शेलमध्ये स्वतःचा लूप नव्हता. ‘गोटू’ हा एक स्वतंत्र प्रोग्रॅम होता. तो आज्ञांच्या फाइलीत खुणेची ओळ शोधून काढी आणि वाचनाची जागा तिथे नेऊन ठेवी. धन्याच्या हुकमाचे पान नोकराने हळूच मागे उलटावे, तसाच हा प्रकार. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला, आणि लूप, चल व आर्ग्युमेंट ही तिन्ही एका घरात नांदू लागली.

माझ्या पिढीची ओळख मात्र युनिक्सशी नव्हे, तर डॉसशी झाली. शाळेच्या संगणककक्षात काळ्या पडद्यावर आम्ही पहिल्या आज्ञा टाइप केल्या. आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या डॉसमध्ये बॅच फाइल होती आणि आर्ग्युमेंटेही होती. टक्क्याच्या चिन्हापुढे आकडा लिहिला की ती कोरी जागा झाली. परंतु ‘जर’ आणि ‘पुनःपुन्हा’ हे दोन शब्द त्या भाषेत नव्हते. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. इफ, फॉर, गोटू आणि शिफ्ट या आज्ञा त्याच वेळच्या. त्यांतील शिफ्ट मोठी मजेदार आहे. कोऱ्या जागांचे क्रमांक नऊपर्यंतच. दहा लिहिले तर यंत्र एक आणि त्यापुढे शून्य असे वाचते. मग दहावे नाव आले कुठून? शिफ्ट म्हटले की रेशनच्या रांगेप्रमाणे सारी नावे एकेक पाऊल पुढे सरकतात. पहिला निघून जातो, दुसरा पहिला होतो. रांग संपेपर्यंत हे चालू ठेवले की लूप तयार झाला.

रांग संपली हे ओळखावयाचे कसे? पहिली जागा रिकामी आहे काय, असे विचारावयाचे. येथे एक बारीक अडचण येते. जागा खरोखरच रिकामी असली, तर प्रश्नाचे वाक्यच अपुरे राहते आणि यंत्र अडते. म्हणून जुने जाणते लोक त्या जागेभोवती अवतरणचिन्हे घालतात. आत काही नसले तरी चिन्हे उरतात आणि वाक्य पुरे होते. रिकामेपणालाही आकार द्यावा लागतो, हा धडा मला येथे मिळाला.

दुसरा धडा अधिक महाग पडला. १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आज्ञा वाचणारा नवा प्रोग्रॅम आला आणि पुढे कंसात अनेक ओळींचा लूप लिहिता येऊ लागला. एका कचेरीत असताना मी असा लूप लिहिला होता. प्रत्येक तालुक्याची फाइल उघडावी, तिच्यातील आकडे घ्यावेत, तालुक्याचे नाव एका चलात ठेवावे आणि पत्र तयार करावे, अशी योजना. चाळीसेक पत्रे क्षणात निघाली. आकडे प्रत्येकाचे बरोबर; नाव मात्र सर्वांवर एकाच तालुक्याचे! सकाळी चाचणी घेताना त्या तालुक्याचे नाव मीच चलात ठेवले होते. जावक कारकुनाच्या नजरेला ते पडले, म्हणून पत्रे टपालात गेली नाहीत.

चूक यंत्राची नव्हती. कंसातील सारा मजकूर ते एक वाक्य म्हणून वाचते, आणि टक्क्याच्या चिन्हांतील चलाची जागा वाचतानाच, म्हणजे पहिल्या फेरीच्याही आधी, भरून टाकते. मग फेऱ्या कितीही होवोत, नाव तेच. लूपची स्वतःची कोरी जागा तेवढी दर फेरीला नव्याने भरली जाते. त्यामुळे माझे आकडे बरोबर आले. जागा काय मजकुराने भरावी एवढे सांगून भागत नाही. ती केव्हा भरावी हेही सांगावे लागते. विंडोज २००० मध्ये यासाठी निराळी सोय झाली. चलाभोवती टक्क्याऐवजी उद्गारचिन्हे घातली, आणि ही पद्धत आरंभी चालू करून घेतली, की यंत्र ती जागा त्या त्या क्षणी भरते.

माझी चूक कागदावर निभावली. सर्वांचे नशीब असे नसते. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या खेळांच्या प्रोग्रॅमविषयी लिनक्स वापरणाऱ्यांची तक्रार आली. त्याच्या शेल स्क्रिप्टमध्ये एक चल होता. स्टीमची फाइली ठेवण्याची जागा त्यात असावयाची. ‘या जागेखालील सर्व काही पुसून टाक’ अशी एक ओळ त्यात होती. स्टीमची जागा हलविल्यामुळे तो चल रिकामा राहिला, आणि वाक्याचा अर्थ ‘मुळाखालील सर्व काही पुसून टाक’ असा झाला. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली नाहीशा झाल्या. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टीप इंग्रजीत लिहून ठेवली होती. परंतु टीप माणसासाठी असते. यंत्र ती ओलांडून पुढे जाते. वास्तविक चल रिकामा असेल तर तेथेच थांब, असे सांगण्याची सोय शेलमध्ये होती. ती त्या ओळीत वापरलेली नव्हती.

श्रोतेहो, आमच्या कचेरीतील जुने कारकून नमुना भरताना एक गोष्ट कटाक्षाने करीत. एखादी जागा कोरीच राहावयाची असली, तर तिच्यावर आडवी रेघ मारीत. पुढे कोणी तेथे भलतेच काही लिहू नये, आणि ही जागा चुकून नव्हे, तर समजून कोरी ठेवली आहे हे दिसावे, हा त्यामागील हेतू. गठ्ठा देऊन घरी जाणाऱ्या माणसापासून आजच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यापर्यंत साठ-सत्तर वर्षे लोटली. यंत्रे स्वस्त झाली, माणसाचा वेळ महाग झाला. पण हुकूम पाळला जात असता हुकूम देणारा तेथे नसतो, ही स्थिती पालटलेली नाही. तेव्हा जाण्यापूर्वी आपण सोडलेल्या प्रत्येक कोऱ्या जागेकडे एकदा पाहावे, आणि ती कोरीच राहिली तर काय करावयाचे, तेही हुकमातच लिहून ठेवावे.