अफर्मी द्रव

धातूतील इलेक्ट्रॉनांच्या ज्या अवस्थांना लेव्ह लांदाउ यांचा फर्मी द्रव सिद्धांत लागू पडत नाही, त्यांना अफर्मी द्रव म्हणतात.

लांदाउ यांनी 1956 मध्ये हा सिद्धांत मांडला तो द्रवरूप हीलियम-3 साठी. धातूंना तो नंतर लावला गेला. इलेक्ट्रॉन एकमेकांना सतत दूर लोटत असतात, तरी अतिशीत धातूत ते जवळजवळ सुट्या, फक्त वजन वाढलेल्या कणांसारखे वागतात. हे क्वासीपार्टिकल. त्यांच्या आपसांतल्या टकरींमुळे येणारा विद्युत रोध तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

वजन कितीही वाढले तरी सिद्धांत मोडत नाही. सिरियम-ॲल्युमिनियमच्या एका संयुगात इलेक्ट्रॉन हजारपटीच्या घरात जड झाल्याचे 1975 मध्ये दिसले. वर्गाचा नियम मात्र तिथेही टिकला.

पंचाईत केली ती तांब्याच्या ऑक्साइडांनी. बेडनॉर्त्स आणि म्युलर यांनी 1986 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांतली अतिसंवाहकता शोधली आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे लागले. पण ती नाहीशी झाल्यावर उरणारी ‘विचित्र धातू’ अवस्था अधिक कोड्यात टाकणारी आहे. तिथे रोध तापमानाच्या वर्गाप्रमाणे नव्हे, सरळ प्रमाणात वाढतो. तसा तो खोलीच्या तापमानाला साध्या तांब्याच्या तारेतही वाढतो, त्यामुळे नुसती सरळ रेषा पाहून हुरळण्याचे कारण नाही. तारेत हा अणुजालकाच्या कंपनांचा प्रताप असतो. थंडीत ती कंपने मंदावली की रेषा वाकते. बिस्मथयुक्त एका ऑक्साइडात मात्र ती सुमारे 10 केल्व्हिनपासून 700 केल्व्हिनपर्यंत सरळच राहते. टकरींमधला काळ प्लांकचा स्थिरांक आणि तापमान एवढ्यांवरच ठरत असावा, असा त्यावरून अंदाज बांधतात. 300 केल्व्हिनला तो सुमारे 25 फेम्टोसेकंद येतो. चंद्र वर्मा आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ‘सीमावर्ती फर्मी द्रव’ ही कल्पना मांडली. तिने बऱ्याच मोजमापांची संगती लागली. मुळाशी काय आहे, यावर एकमत नाही.

चुंबकीय क्रम केवळ शून्य तापमानालाच मावळेल अशा बिंदूपाशीही वर्गाचा नियम असाच मोडतो. सिरियम-तांबे संयुगात थोडे सोने मिसळून किंवा यटर्बियम-ऱ्होडियम-सिलिकॉन संयुगाला चुंबकीय क्षेत्र लावून तो बिंदू गाठता येतो. या दुसऱ्या संयुगाच्या नॅनोतारांमधून जाणाऱ्या प्रवाहातला ‘शॉट नॉइज’ (विद्युतभार सुट्या कणांनी वाहिल्यामुळे प्रवाहात होणारे चढउतार) साध्या धातूपेक्षा बराच कमी असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाह सुट्या क्वासीपार्टिकलांनी वाहिला जात असल्याच्या कल्पनेशी हे जुळत नाही.

एकमितीय तारेत तर फर्मी द्रव टिकतच नाही. तिथे लटिंजर द्रव तयार होतो आणि विद्युतभार व आभ्राम (स्पिन) यांच्या लहरी वेगवेगळ्या वेगांनी धावतात.